जुन्या टॅबचे कुलूप

टॅब जुना झाला असे म्हटले जाते, तेव्हा त्यातले नेमके काय जुने झालेले असते हे पाहिल्याशिवाय तो दुरुस्त करावा की मोडीत काढावा याचा निर्णय करता येत नाही, आणि बहुतेक घरांत तो निर्णय काहीही न पाहताच होतो. काच शाबूत असते, पडदा उजळतो, आवाज नीट येतो, वायफायही लागते. तरीही टॅब कपाटात जातो, कारण व्हॉट्सॲप चालत नाही, संकेतस्थळे सुरक्षिततेचा इशारा देऊन अडून बसतात आणि प्ले स्टोअर नवे ॲप उतरवू देत नाही. या तिन्ही तक्रारींचे मूळ यंत्राच्या झिजेत नसते. ते असते यंत्र चालवणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, जे निर्मात्या कंपनीने काही वर्षांनी अद्ययावत करणे थांबवलेले असते.

छत्तीसगढमधील भिलाईच्या सेक्टर ६ मधील रहिवाशांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. ज्या पोलाद कारखान्यासाठी ही वसाहत उभी राहिली, त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, आणि झोतभट्टीचे आतले अस्तर झिजले म्हणून कोणी ती पाडून टाकत नाही. बाहेरचे पोलादी कवच ठेवून आतले अस्तर नव्याने बसवले जाते, ज्याला कारखान्यात कॅपिटल रिपेअर म्हणतात, आणि भट्टी पुढे अनेक वर्षे चालते. टॅबची प्रणाली बदलणे हे काम त्याच जातीचे आहे. पण कारखाना भट्टीचा मालक असतो आणि तिच्या आराखड्यांवरही त्याची सत्ता असते, तर टॅब विकत घेणाऱ्याला यंत्र मिळते, त्याच्या आतले आराखडे मात्र मिळत नाहीत. या एका फरकातून जुन्या टॅबच्या पुनरुज्जीवनातील जवळजवळ सर्व अडचणी उद्भवतात.

खरी झीज होणारे भाग टॅबमध्ये मोजकेच असतात. बॅटरी त्यांपैकी पहिली. लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरून रिकामी झाल्यावर तिची धारणाशक्ती घटू लागते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या छत्तीसगढच्या मैदानी भागात ही घट अधिक वेगाने होते. दुसरा भाग म्हणजे साठवणीची चिप, जी वारंवार लिहिल्याने मंदावते. गूगल आणि आसूस यांनी २०१२ मध्ये काढलेला नेक्सस ७ हा टॅब काही महिन्यांतच रेंगाळू लागल्याची तक्रार जगभर झाली, तेव्हा तिचे एक कारण पुसलेल्या मजकुराची जागा चिपला वेळेवर कळवली जात नाही हे निघाले आणि अँड्रॉइड ४.३ आवृत्तीत त्यावर उपाय करण्यात आला. तिसरा भाग चार्जिंगचे छिद्र, जे ढिले होते आणि कोणताही बरा कारागीर ते बदलून देतो.

सॉफ्टवेअरचे वार्धक्य याहून वेगळ्या रीतीने येते. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. कर्नल म्हणजे प्रोसेसर, स्मृती, पडदा, वायफाय अशा प्रत्येक भागाशी बोलणारा गाभा. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी त्यात ड्रायव्हर नावाचे छोटे कार्यक्रम लागतात, आणि ते चिप बनवणाऱ्या कंपनीकडून येतात. चिप कंपनीने नव्या अँड्रॉइडसाठी ड्रायव्हर देणे थांबवले की टॅब बनवणारी कंपनीही थांबते, आणि तसेही तिला नवा टॅब विकण्यात जास्त रस असतो. दरम्यान बाहेरचे जग पुढे सरकलेले असते. संकेतस्थळाची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे ज्या मूळ प्रमाणपत्रांवर आधारलेली असतात, त्यांची यादी टॅबमध्ये आधीपासून साठवलेली असते आणि त्यांतील प्रत्येकाला मुदत असते. असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले, तिचे नवे मूळ प्रमाणपत्र ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला ठाऊक नव्हते, आणि जुन्या उपकरणांसाठी केलेली तात्पुरती सोयही ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. त्यानंतर ज्या टॅबवर संकेतस्थळे उघडेनाशी झाली, त्यांच्या मालकांना यंत्र बिघडले असेच वाटले. व्हॉट्सॲपनेही २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५.० पेक्षा जुन्या आवृत्त्यांची साथ सोडली.

मराठी वाचकांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची धड सोय नव्हती. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे फुटत. संपूर्ण उपकरणाची भाषा मराठी ठेवण्याची सोय मूळ अँड्रॉइडमध्ये ५.० आवृत्तीच्या सुमारास आली. भिलाईत शाळेचा आणि बाजाराचा व्यवहार हिंदीत चालतो, घरातील मुलांच्या डोळ्यांसमोर छापील मराठी क्वचितच येते, आणि अशा घरात प्रत्येक सूचना, प्रत्येक मेनू मराठीत दाखवणारा टॅब ही किरकोळ सोय म्हणता येणार नाही. ४.४ आवृत्तीवर अडकलेल्या टॅबला नवी प्रणाली मिळाली, तर तो ही सोय देऊ शकतो.

असे टॅब या भागात थोडेथोडके नाहीत. छत्तीसगढ शासनाने २०१३ मध्ये युवा सूचना क्रांती योजनेखाली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि टॅब वाटले. पुढे टाळेबंदीच्या काळात, ७ एप्रिल २०२० रोजी, 'पढई तुंहर दुआर' हा घरबसल्या शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला आणि ऑनलाइन वर्गांसाठी अनेक कुटुंबांनी स्वतःच्या खर्चाने टॅब घेतले. कारखान्यातून निवृत्त होऊन क्वार्टर सोडण्याची वेळ येते तेव्हा कपाटे रिकामी होतात, आणि त्या आवराआवरीत दोन्ही पिढ्यांचे टॅब एकाच पिशवीत सापडणे स्वाभाविक आहे. त्यांतील कोणता पुन्हा चालेल हे वयावर किंवा किमतीवर ठरत नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतातील सर्वांत स्वस्त टॅबने घालून दिले आहे.

हा टॅब म्हणजे 'आकाश'. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्याचे अनावरण केले. डेटाविंड या कंपनीने तो पुरवला आणि आयआयटी राजस्थानकडे या प्रकल्पाची जबाबदारी होती. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती, बोट दाबून वापरावा लागणारा पडदा आणि अँड्रॉइड २.२ अशा या यंत्रावर टीका झाली, ती अनाठायी नव्हती. नंतर प्रकल्प मुंबईत पवई येथील आयआयटीकडे आला. तेथील संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी त्याची धुरा घेतली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' बाहेर पडला. शासनाला तो २,२६३ रुपयांना पडत होता. त्यात ऑलविनर कंपनीची ए१३ ही १ गिगाहर्ट्झची चिप, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड ४.०.३ होते.

या प्रकल्पाबद्दल लिहिताना त्याच्या अपयशाची कथा सांगण्याची प्रथा पडली आहे. त्या गदारोळात पवईत झालेले एक मोलाचे काम मागे पडले. मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणण्यासाठी आयआयटी मुंबईत चाललेल्या फॉसी या उपक्रमातील मंडळींनी, प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली, आकाश २ वर अँड्रॉइड बाजूला ठेवून संपूर्ण लिनक्स चालवून दाखवले. ज्या टॅबवर केवळ चित्रफिती पाहाव्यात अशी अपेक्षा होती, त्यावर सायलॅब, पायथन आणि सी भाषेतील कार्यक्रम लिहिता आणि चालवता येऊ लागले. कर्नलचा बदललेला मूळ स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला.

हे शक्य झाले ते चिपच्या एका स्वभावामुळे. ऑलविनरच्या चिपमध्ये जन्मतःच कोरलेला छोटा कार्यक्रम सुरू होताना आधी मेमरी कार्ड तपासतो, आणि त्यावर चालू होण्याजोगी प्रणाली असेल तर टॅबच्या आतल्या साठवणीकडे न वळता तीच सुरू करतो. लिनक्स लिहिलेले कार्ड खोचले की आकाश लिनक्सचा होत असे, कार्ड काढले की पुन्हा अँड्रॉइडचा. आतल्या प्रणालीला धक्का लागत नसे आणि कोणाची परवानगीही लागत नसे. जगभरातील स्वयंसेवकांनी ऑलविनरच्या चिपसाठी चालवलेल्या कामातून २०१३ च्या सुरुवातीस ए१३ चिपचा प्राथमिक आधार मूळ लिनक्स कर्नलमध्येच दाखल झाला. अवघ्या दोन-सव्वादोन हजारांचे हे यंत्र कुलूप नसल्यामुळे अभ्यासता आले, तर त्याच्या आठ-दहा पट किमतीचे कित्येक टॅब कंपनीने हात काढून घेताच निकामी झाले. ५१२ मेगाबाइट स्मृतीत आजची जड संकेतस्थळे चालवणे कष्टाचे आहे हे खरे. पण प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे गिरवण्यासाठी एवढी स्मृती तेव्हाही पुरत होती आणि आजही पुरते.

बहुतेक टॅबमध्ये मात्र कुलूप असते. टॅब सुरू करताच जो पहिला कार्यक्रम धावतो आणि पुढची प्रणाली जागी करतो, त्याला बूटलोडर म्हणतात. बंद बूटलोडर फक्त कंपनीची डिजिटल सही असलेली प्रणालीच सुरू होऊ देतो. या व्यवस्थेमागे रास्त कारण आहे, कारण चोरीला गेलेल्या टॅबमध्ये दुसरी प्रणाली घालून आतली माहिती वाचता येऊ नये आणि कोणी छुपा कार्यक्रम पेरू नये यासाठी ती रचलेली आहे. म्हणूनच मालकाने कुलूप उघडताच टॅबमधील सारी माहिती आपोआप पुसली जाते. आक्षेप कुलपावर नाही. ज्याने यंत्राची पूर्ण किंमत मोजली त्याला किल्ली नाकारण्यावर आहे. गूगलच्या स्वतःच्या नेक्सस टॅबवर संगणकाला जोडून एक आज्ञा दिली की कुलूप उघडत असे. शाओमी ही कंपनी अर्ज करायला आणि ठरावीक काळ थांबायला लावते, काही कंपन्या किल्ली देतच नाहीत, आणि सॅमसंगने २०२५ मध्ये वन यूआय या आपल्या प्रणालीच्या ८ व्या आवृत्तीपासून नव्या उपकरणांवरील ही सोय काढून घेतली.

किल्ली मिळाली तरी बसवायला प्रणाली हवी. अँड्रॉइडचा मूळ स्रोत गूगल खुला करते, त्यावरून स्वयंसेवक एकेका उपकरणासाठी जी प्रणाली घडवतात तिला कस्टम रॉम म्हणतात. सायनोजेनमॉड ही या क्षेत्रातील मोठी परंपरा २००९ मध्ये सुरू झाली, डिसेंबर २०१६ मध्ये तिच्यामागची कंपनी बंद पडली, आणि त्याच महिन्यात तिच्याच स्रोतावर लिनिएजओएस उभे राहिले. २०१३ चा नेक्सस ७ गूगलने अँड्रॉइड ६.०.१ वर सोडून दिला. लिनिएजओएसच्या स्वयंसेवकांनी त्याच्या साठवणीची अंतर्गत विभागणी बदलून त्यावर अँड्रॉइड ११ वर आधारलेली आवृत्ती चालवली. लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली वाटला जातो, त्यानुसार उपकरण विकणाऱ्याने कर्नलमधील आपले बदल उघड करणे बंधनकारक आहे, आणि ज्या कंपन्या ते पाळतात त्यांच्याच टॅबना असे दुसरे आयुष्य सहज लाभते. कित्येक स्वस्त टॅबचे विक्रेते हा स्रोत कधीच देत नाहीत. अँड्रॉइड ८.० पासून चिपशी निगडित भाग आणि उरलेली प्रणाली वेगळी ठेवण्याची रचना आल्याने एकच सर्वसाधारण प्रणाली अनेक उपकरणांवर बसवता येऊ लागली आहे, परंतु कॅमेरा किंवा आवाज चालेलच अशी खात्री तिथे देता येत नाही.

प्रत्यक्ष कृती कशी होते हे टाळेबंदीच्या वर्षात बाजारात आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए७ वरून समजून घेता येईल. १०.४ इंची पडद्याचा हा टॅब अँड्रॉइड १० सह आला, कंपनीने त्याला अँड्रॉइड १२ पर्यंत नेले आणि तिथे थांबवले. लिनिएजओएसने त्याला आपल्या अधिकृत यादीत घेऊन पुढच्या आवृत्त्या दिल्या. सर्वप्रथम टॅबमधील छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावी लागतात, कारण पुढे काहीच शिल्लक राहत नाही. मग सेटिंग्जमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारल्यावर विकसकांसाठीचे दडलेले पर्याय उघडतात आणि त्यांत बूटलोडर उघडण्यास संमती देण्याची कळ दिसते. टॅब बंद करून, आवाजाच्या दोन्ही कळा दाबून धरून तो केबलने संगणकाला जोडला की इशारा देणारा पडदा येतो, आणि आवाज वाढवण्याची कळ बराच वेळ दाबल्यावर कुलूप उघडते व सर्व माहिती पुसली जाते.

त्यानंतर टॅब पुन्हा सुरू करून, इंटरनेटला जोडून, संमतीची कळ अजून चालू आहे ना हे पाहणे आवश्यक असते; घाई करणारे लोक इथेच फसतात. पुढची पायरी रिकव्हरीची. रिकव्हरी म्हणजे मुख्य प्रणाली बंद असताना दुरुस्तीसाठी चालणारी छोटी प्रणाली. संगणकावरील ओडिन किंवा हाइमडाल या साधनाने ती टॅबमध्ये लिहिली जाते, ज्याला फ्लॅश करणे म्हणतात आणि दुरुस्तीच्या दुकानांत सॉफ्टवेअर मारणे म्हणतात. ती लिहिताच टॅबला थेट रिकव्हरीतच सुरू करावे लागते, कारण मध्ये जुनी प्रणाली सुरू झाली तर ती आपलीच रिकव्हरी परत बसवते. शेवटी जुने विभाग पुसून रिकव्हरीतून नवी प्रणाली चढवली जाते. लिनिएजओएसबरोबर गूगलची ॲप येत नाहीत. ती हवी असल्यास पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वीच घालावी लागतात, आणि नको असल्यास एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त भांडारावर वाचनाचे, संगीताचे व अभ्यासाचे पुष्कळ काही मिळते.

यात धोका आहे, आणि तो बहुतांशी चुकीच्या फाइलीतून येतो. एकाच नावाचा टॅब वायफायचा आणि सिम कार्डाचा अशा दोन रूपांत विकला जातो, दोन्हींचे नमुना क्रमांक वेगळे असतात आणि त्यांची फाइल अदलाबदल झाली तर टॅब सुरू होत नाही. म्हणून टॅबच्या पाठीवरील किंवा सेटिंग्जमधील नमुना क्रमांक अक्षरशः ताडून पाहावा, उतरवलेली फाइल वाटेत बिघडली नाही हे तिच्या चेकसमवरून, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या खुणेवरून, तपासावे, आणि बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असताना चांगल्या केबलनेच काम करावे. अर्धवट फ्लॅश झालेला टॅब बहुधा परत वाचवता येतो, कारण सर्वांत तळाचा बूटलोडर शाबूत असतो. त्यालाच इजा झाली तर मात्र तो साध्या उपायांनी उठत नाही.

काय गमवावे लागते तेही स्पष्ट सांगायला हवे. सॅमसंगच्या टॅबमध्ये एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो, जो परकी प्रणाली चढताच कायमचा जळतो आणि नंतर मूळ प्रणाली परत बसवली तरी पूर्ववत होत नाही. चित्रपट दाखवणाऱ्या सेवा उघड्या कुलपाच्या उपकरणावर अनेकदा उच्च दर्जाचे चित्र देत नाहीत. बँकांची आणि यूपीआयची ॲप गूगलच्या तपासणीयंत्रणेला विचारून उपकरण कंपनीने दिले तसेच आहे का हे पाहतात आणि नसेल तर चालण्यास नकार देतात. ही तपासणी चुकवण्याचे मार्ग प्रचलित असले तरी पैशांच्या व्यवहाराचे उपकरण आणि प्रयोगाचे उपकरण एकच ठेवणे शहाणपणाचे नाही. अशा टॅबने एकच काम करावे आणि ते चांगले करावे. पुस्तके वाचणे, रियाजासाठी तानपुरा लावणे, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणे, नागपूरला किंवा पुण्याला असलेल्या नातवंडांशी चित्रसंवाद करणे, यांतील कोणत्याही कामाला बँकेची परवानगी लागत नाही.

बूटलोडरच्या कुलपाशी ज्याची गल्लत होते ते दुसरे कुलूप खात्याचे असते. अँड्रॉइड ५.१ पासून, सर्व माहिती पुसल्यावरही आधीच्या मालकाच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागण्याची व्यवस्था आली, आणि तिचा हेतू चोरीचा माल विकला जाऊ नये हा आहे. जुना टॅब घेणाऱ्याने विक्रेत्यासमोरच ते खाते काढून घ्यावे. ते कुलूप तोडून देण्याचे काम कोणी करत असेल, तर त्या दुकानात आपला टॅब ठेवू नये. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल तर मात्र सॉफ्टवेअरचा विचार बाजूला ठेवून आधी ती बदलावी. ती टोचू, दाबू किंवा कचऱ्यात टाकू नये, कारण आतली रसायने हवेशी संपर्क येताच पेटू शकतात.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, फोन किंवा टॅबची विक्री संपल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्यतने उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक झाले आहे. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि सुधारित ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, परंतु या दोन्हींमुळे ग्राहकाला बूटलोडरची किल्ली मिळत नाही. खासगी कंपन्यांवर असे बंधन येण्यास वेळ लागेल हे समजण्यासारखे आहे. सार्वजनिक पैशातून विद्यार्थ्यांना वाटल्या जाणाऱ्या टॅबच्या बाबतीत थांबण्याचे कारण दिसत नाही. अशा खरेदीच्या निविदेतच कर्नलचा संपूर्ण स्रोत आधी जमा करावा, बूटलोडर मालकाला उघडता यावा आणि बॅटरी साध्या हत्यारांनी बदलता यावी, एवढ्या अटी घालण्याचा अधिकार शासनाला आज आहे. त्या पाळल्या गेल्या तर कंपनी अद्यतने थांबवील तेव्हा पुढचे काम राज्यातील कोणत्याही तंत्रनिकेतनाला किंवा २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईला हाती घेता येईल.